नवे काम निवडण्याआधी: कोल्हापुरात राहून शोध कसा घ्यावा, माणसे कशी जोडावीत

कोल्हापुरात ओळखींचा तुटवडा सहसा कोणाला नसतो. शाळेचा वर्ग, गल्लीतले मंडळ, तालीम, भिशी आणि चार गावांत पसरलेले पै-पाहुणे एवढ्यातूनच प्रत्येकाभोवती मोठा गोतावळा तयार झालेला असतो. तरीही नोकरी बदलावी किंवा स्वतःचे काहीतरी सुरू करावे असा विचार मनात आला, की आपण या गोतावळ्यातील दोनच प्रकारच्या माणसांकडे वळतो: जो कोठेतरी शब्द टाकू शकेल असा एक, आणि जो भांडवलाला हातभार लावू शकेल असा दुसरा. ज्या कामात आपल्याला पडायचे आहे, ते काम रोज करणारा माणूस या यादीत फार उशिरा येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की या तिसऱ्या माणसाकडे सर्वांत आधी जावे, आणि त्याच्याकडे नोकरी किंवा पैसे न मागता त्याच्या कामाची खरी हकिकत मागावी.

सुरुवात वहीपासून

अर्थात, त्याच्याकडे जाण्यापूर्वी आपल्याला काय हवे आहे हे स्वतःला ठाऊक असले पाहिजे. ‘समाधान देणारे काम’ हे शब्द फार मोठे आहेत आणि त्यांचे तुकडे केल्याशिवाय त्यांच्या आधारे कोणताही निर्णय घेता येत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत कोणते काम करताना वेळेचे भान राहिले नाही, कोणत्या कामाने थकवा आला तरी चिडचिड झाली नाही, आणि कोणते काम पगार वाढवून दिला तरी पुन्हा नको वाटते, हे प्रत्यक्ष प्रसंगांसह लिहून काढावे. शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कास्टिंगची (ओतीव भागांची) तपासणी करणाऱ्या एखाद्याला वाटत असते की आपल्याला कारखानाच नको आहे. प्रसंग लिहिल्यावर त्याच्या लक्षात येते की दोष कोठून आला हे शोधण्यात तो मनापासून रमतो, आणि त्याला नकोशी झालेली आहे ती फक्त रात्रपाळी. या दोन निष्कर्षांतून निघणारे रस्ते पूर्णपणे वेगळे आहेत. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत काही वर्षे घालवून आता दुसरा मार्ग शोधणाऱ्या तरुणांनी ही वही विशेष काळजीने लिहावी, कारण आपल्याजवळ कसलाच अनुभव नाही अशी त्यांची समजूत झालेली असते. सलग अभ्यास करण्याची सवय, कायद्याची आणि प्रशासनाची भाषा कळणे, मोठा मजकूर थोडक्यात मांडता येणे, या गोष्टींना शिकवणीच्या क्षेत्रात, सहकारी संस्थांमध्ये आणि कर सल्लागारांच्या कार्यालयांत नक्कीच किंमत आहे.

त्याच वहीत पैशाचे एक पान असावे. घरखर्च, कर्जाचे हप्ते, मुलांची फी आणि आई-वडिलांची औषधे मिळून दरमहा किमान किती लागतात, आणि उत्पन्न एक रुपयाही न येता असे किती महिने काढता येतील, हे तेथे आकड्यांत लिहावे. भविष्य निर्वाह निधीची रक्कम या हिशेबात धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय सलग ५ वर्षांची सेवा होण्याआधी तो निधी काढल्यास सामान्यतः त्यावर कर लागतो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्कही साधारणपणे ५ वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळतो, म्हणून ज्यांचे पाचवे वर्ष सरत आले आहे त्यांनी राजीनाम्याची तारीख ठरवताना घाई करू नये.

भेटीआधीचे वाचन

जे चार कागद वाचून कळू शकते ते विचारण्यात दुसऱ्याचा वेळ घालवू नये. आपल्या जिल्ह्यात कशावर पोट चालते याचे ढोबळ चित्र बहुतेकांना असते: शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील फौंड्री व मशीन शॉप, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचे चांदीकाम, दूध, ऊस आणि गूळ. गुळाचा व्यापार तर राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरी पेठेपासून नावारूपाला आला. परंतु नवा माणूस ज्या जागी आत शिरू शकतो ती जागा या ढोबळ चित्रात दिसत नाही. त्यासाठी निवडलेल्या कामाबद्दल चार गोष्टी शोधाव्यात: माल किंवा सेवा शेवटी विकत कोण घेतो, हंगाम कोणता, परवाने कोणते, आणि गेल्या काही वर्षांत भावात किती चढउतार झाला. वर्तमानपत्रांची बाजारभावाची आणि उद्योगाची पाने यासाठी फार उपयोगी आहेत, आणि १८५० मध्ये सुरू झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात शांतपणे बसून हे काम करता येते. नोकरी शोधणाऱ्याने आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या वीस-पंचवीस जाहिराती गोळा करून त्यांत वारंवार येणाऱ्या अटी वेगळ्या लिहाव्यात. कोणता अभ्यासक्रम करायचा हे त्यावरून ठरते, क्लासच्या माहितीपत्रकावरून नव्हे.

बातमीमुळे आलेला उत्साह आणि बाजारातील वस्तुस्थिती यांत फरक करायला याच टप्प्यावर शिकावे लागते. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या, त्यावरून मोठा वाद झाला, आणि आपली चप्पल जगभर चर्चेत आली. अशा वेळी ऑनलाइन विक्री सुरू करावी असे अनेकांना वाटणे स्वाभाविक आहे. पण वाचन केल्यावर कळते की कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरता येते अशी सरकारी नोंद) मिळालेले आहे; त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि बेळगावी, धारवाड, बागलकोट व विजयपुरा हे कर्नाटकातील चार असे आठ जिल्हे येतात, आणि त्या मानांकनाचे चिन्ह वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. कोल्हापुरातील चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनमध्ये, एक फेरी मारून कारागिराशी बोलल्यावर पुढची गोष्ट कळते, ती ही की चामड्याची चप्पल पावसाळ्यात फारशी विकली जात नाही. तेव्हा या व्यवसायात पडणाऱ्याने दोन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावीत: पावसाळ्याचे ते महिने कशावर काढायचे, आणि हाताने शिवलेल्या चपलेचे माप ग्राहकाला न बसल्यास परत आलेल्या जोडाचे काय करायचे.

भेटायचे कोणाला

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले, की ज्याच्याकडून तुम्हाला या नोकरीची माहिती मिळाली तो त्या काळात तुम्हाला कितीदा भेटत असे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून माहिती मिळालेले लोक १६.७ टक्के होते, अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळालेले ५५.६ टक्के, आणि क्वचित भेटणाऱ्याकडून मिळालेले २७.८ टक्के. अभ्यास परदेशातला आणि लहान असला, तरी त्यामागचे कारण आपल्याकडेही लागू पडते. आपल्या अगदी जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्याकडून.

म्हणून यादी करताना दाजींचे नाव लिहून थांबू नये. दाजींच्या कारखान्याला माल पुरवणारा कोण, त्यांचे हिशेब पाहणारा कोण, त्यांचा माल वाहणारा कोण, हे विचारावे. मशीन दुरुस्त करायला गावोगावी फिरणारा मिस्त्री तर अशा यादीत वरच्या क्रमांकावर असावा असे मला वाटते, कारण कोणाचे मशीन दिवसरात्र चालते, कोणाचे झाकून ठेवलेले आहे आणि कोण ते विकायला काढतो आहे, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. पॅकिंगचे साहित्य विकणारा दुकानदार, बँकेचा निवृत्त कर्ज अधिकारी आणि तो व्यवसाय काही वर्षे करून सोडून दिलेला माणूस यांनाही यादीत जागा द्यावी. सोडून दिलेल्या माणसाकडे लोक जात नाहीत, ही मोठी चूक आहे; त्याच्याजवळ लपवण्यासारखे आता काही उरलेले नसते.

आपल्याच गल्लीतला व्यावसायिक उद्याच्या स्पर्धकाला सगळे खुलेपणाने सांगेल, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. पण तोच व्यवसाय कराड, सांगली किंवा बेळगावात करणारा माणूस बोलतो, कारण आपण त्याचे गिऱ्हाईक तोडणार नसतो. एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर असे लोक सापडतात. ओळख नसेल तर उद्योजकांच्या संघटनांची व्याख्याने आणि प्रदर्शने, महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी मेळावा, आणि लिंक्डइनवर आपल्याच महाविद्यालयातून शिकून गेलेली माणसे, असे मार्ग आहेत. पुण्याहून कोल्हापुरात परत येऊ इच्छिणाऱ्यांनी तर या शेवटच्या मार्गाचा उपयोग तेथे असतानाच सुरू करावा.

निरोप कसा पाठवावा

भेटीची विनंती करणारा निरोप लहान असावा, आणि त्यात आपण कोण, नंबर कोणी दिला, किती वेळ हवा आणि काय मागणार नाही, या चार गोष्टी असाव्यात. उदाहरणार्थ:

“नमस्कार साहेब. मी गोकुळ शिरगावमधील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. गूळ पावडरच्या व्यवसायाचा अभ्यास करत आहे. आपला नंबर मला आमच्या मामांकडून मिळाला. ते आपल्याकडे बारदान पुरवतात. आपले काम प्रत्यक्ष पाहावे आणि काही प्रश्न विचारावेत अशी इच्छा आहे. वीस मिनिटे पुरतील. नोकरीसाठी किंवा पैशाच्या मदतीसाठी येत नाही. आपल्या सवडीची वेळ कळवल्यास मी तेथे हजर राहीन.”

‘नोकरीसाठी किंवा पैशाच्या मदतीसाठी येत नाही’ हे वाक्य गाळू नये. ते वाचले की समोरचा माणूस निर्धास्त होतो आणि मोकळेपणाने वेळ देतो. उत्तर आले नाही, तर आठवड्याने एकदा फोन करावा आणि त्यानंतर विषय सोडून द्यावा. महिलांनी भेट कामाच्या ठिकाणी व कामाच्या वेळेत ठेवावी आणि सोबत कोणाला आणायचे असल्यास तसे निरोपातच लिहावे; त्यात संकोच बाळगण्याचे काही कारण नाही.

भेटीत ‘धंदा कसा चाललाय?’ असे विचारले तर ‘चालतंय की’ असे उत्तर मिळते आणि बोलणे तेथेच संपते. त्याऐवजी घडून गेलेल्या एका विशिष्ट गोष्टीबद्दल विचारावे. शेवटची मोठी ऑर्डर कोठून आली, माल कधी गेला आणि पैसे किती दिवसांनी हातात पडले? वर्षातला सर्वांत अवघड महिना कोणता? सुरुवातीला घेतलेली कोणती वस्तू आज घेतली नसती? चांगला कामगार सोडून गेला तो कशामुळे? नोकरीच्या बाबतीत, कालचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा गेला हे सांगण्याची विनंती करावी, कारण पदाच्या नावावरून जे कळत नाही ते त्या एका दिवसाच्या वर्णनातून कळते. समोरच्याची उलाढाल किंवा नफा थेट विचारू नये. ‘या व्यवसायात नवख्याने पहिल्या वर्षी साधारण काय अपेक्षा ठेवावी’ असे विचारले, तर तोच आकडा अब्रू राखून सांगता येतो. निघताना ‘या विषयात मी आणखी कोणाला भेटावे?’ हे विचारायला विसरू नये, कारण पुढचे नाव आणि पुढची ओळख दोन्ही त्या उत्तरातून मिळतात. बोलणे ध्वनिमुद्रित करू नये. बाहेर पडल्यावर गाडी सुरू करण्याआधी सर्व टिपून ठेवावे.

मिळालेल्या माहितीची चाचणी

हे टिपण घरी आल्यावर हिशेबात बदलावे लागते. वरच्या गूळ पावडरचेच उदाहरण घेऊ. गुऱ्हाळावर विचारले तर एक टन उसापासून साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो असे कळते. ऊस टनाला ३,४०० रुपये धरला, तर नुसता कच्चा माल किलोमागे २८ ते ३४ रुपयांना पडतो. चुलवाणाला (गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीला) जळण म्हणून उसाचे चिपाडच वापरले जात असल्याने त्या खर्चात बचत होते, पण गुळव्याची (गूळ तयार करणाऱ्या कारागिराची) आणि मजुरांची मजुरी, भाडे, वाळवण, दळण, चाळणे, पाकीट, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन आणि परत आलेला माल हे सर्व त्यावर चढते. पावडरीला ओलावा सोसत नाही आणि आपल्या जिल्ह्यात पाऊस भरपूर. त्यामुळे पाकिटाचा दर्जा आणि कोरडी साठवण यांवर जास्त खर्च करावा लागतो, हे गुऱ्हाळमालकापेक्षा किराणा दुकानदार अधिक नेमकेपणाने सांगतो. गुऱ्हाळांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे माल काही महिन्यांत घ्यायचा आणि वर्षभर विकायचा. त्यासाठी लागणारे खेळते भांडवल नवख्या माणसाच्या हिशेबात बहुधा नसतेच. एकाच आकड्याबद्दल तीन वेगवेगळ्या माणसांना विचारावे, आणि उत्तरे जुळली नाहीत तर फरक कशामुळे पडतो हे चौथ्याला विचारावे. माझ्या मते या शोधातील सर्वांत मोलाची माहिती अशा न जुळणाऱ्या उत्तरांत दडलेली असते.

उधारीबद्दलही असेच आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात किती दिवस लागतात ते जॉबवर्क (दुसऱ्या कारखान्याचे काम मजुरीवर) करणाऱ्याकडूनच समजून घ्यावे आणि आपला हिशेब त्या दिवसांवर बसवावा.

सरकारी आणि बँकेच्या खिडक्या

येथे थोडक्यात सांगतो, कारण ही माहिती कार्यालयात विचारल्यास मिळते आणि अटी बदलत असल्याने ती तेथेच पडताळून घेणे बरे. जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती मिळते. पंतप्रधान योजनेत २०२२ च्या सुधारणेनुसार उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प बसतो. अनुदान गट आणि ठिकाण यांनुसार १५ ते ३५ टक्के असते, आणि स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटासाठी १० टक्के तर विशेष गटांसाठी ५ टक्के असतो. हे अनुदान रोख हातात मिळत नाही. ते बँकेत ३ वर्षे ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळते होते, ही गोष्ट अनेकांना अर्ज केल्यावर समजते. अनुदान आहे म्हणून व्यवसाय निवडू नये, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगेन. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी शुल्क मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून दूर राहावे. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत निःशुल्क प्रशिक्षण मिळते. ते आपल्या विषयाचे असेल तर अवश्य घ्यावे, कारण त्या वर्गात त्याच वाटेवर निघालेली आणखी माणसेही भेटतात.

नोकरी न सोडता पहिला प्रयोग

बोलण्यातून आणि हिशेबातून जे ठरले ते लहान प्रमाणावर करून पाहावे. पन्नास पाकिटे दुसऱ्याच्या परवानाधारक युनिटमध्ये करून घेऊन तीन दुकानांत ठेवावीत, आणि ओळखीच्या लोकांनी कौतुकाने घेतलेली पाकिटे हिशेबातून वगळून उरलेल्यांपैकी पुन्हा मागणी किती आली ते पाहावे. वस्तू ज्याने दुसऱ्यांदा स्वतःहून मागितली त्याचे मत ग्राह्य धरावे. नोकरी बदलणाऱ्याने त्या क्षेत्रातील एखादे लहान काम सुट्टीच्या दिवशी करावे, किंवा ओळखीच्या कार्यालयात चार दिवस रजा काढून बसावे. मात्र सध्याच्या नियुक्तीपत्रात इतर काम करण्यास मनाई आहे का, हे आधी वाचावे, आणि मालकाचा वेळ, ग्राहकांची यादी किंवा रेखाचित्रे आपल्या प्रयोगासाठी वापरू नयेत. कोल्हापूरचा औद्योगिक परिसर इतका जवळजवळचा आहे की आजचा मालक उद्या आपला ग्राहक असू शकतो.

घरच्यांशी बोलण्याची योग्य वेळ ही आहे. वहीतील पैशाचे पान, भेटींची टिपणे आणि प्रयोगाचा निकाल समोर ठेवून बोलले, तर वडिलांच्या ‘हातची नोकरी सोडू नको’ या म्हणण्याला आकड्यांनी उत्तर देता येते. आणि त्यांचे म्हणणे बरोबर असेल तर तेही त्याच कागदांवरून दिसते. प्रयोगाचा निकाल कोणत्या तारखेपर्यंत पाहायचा आणि किती विक्री झाल्यास पुढे जायचे, हे सर्वांदेखत लिहून ठेवावे.

ज्यांनी वेळ दिला त्या प्रत्येकाला भेटीच्या दुसऱ्या दिवशी आभाराचा निरोप पाठवावा आणि त्यांच्या कोणत्या सांगण्याचा उपयोग झाला ते त्यात नेमके लिहावे. आपल्याला एखाद्या नव्या ग्राहकाची, मशीनची किंवा चांगल्या कामगाराची खबर लागली, तर ती त्यांच्यापर्यंत न मागता पोहोचवावी. शेवटी व्यवसाय सुरू करण्याचे ठरले तर उद्घाटनाचे आमंत्रण त्यांना आधी जावे. न करण्याचे ठरले तर तेही कारणासह कळवावे, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या एखाद्या विषयासाठी त्याच माणसाला फोन करता येतो.